‘येससाँग्ज’ (येस, १९७३): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकू लागलेली माणसं आज ना उद्या या तीन तबकड्यांच्या लाइव्ह अल्बमपाशी येतात आणि आली की तेच प्रश्न विचारतात. ड्रमर दोन का? आवाज असा का? सुरुवातीचं संगीत कुणाचं? पत्रांतून, फोनवर आणि रेकॉर्ड ऐकायला जमणाऱ्या मंडळींकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साध्यापासून किचकटापर्यंत असा क्रम आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘येससाँग्ज’ म्हणजे नेमकं काय?

‘येस’ या इंग्लिश बँडचा हा पहिला लाइव्ह अल्बम. तो मे १९७३ मध्ये अटलांटिक रेकॉर्ड्सने बाजारात आणला. मूळ रूपात तीन एलपी, म्हणजे सहा बाजू, आणि एकूण वादन सुमारे १३० मिनिटांचं. ध्वनिमुद्रण १९७२ सालच्या मैफलींचं आहे. निर्मितीचं श्रेय बँड आणि त्यांचे ध्वनिअभियंते एडी ऑफर्ड यांना मिळून दिलेलं आहे. तीन एलपींचा संच महाग असतो, तरीही हा अल्बम ब्रिटनच्या यादीत सातव्या आणि अमेरिकेच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत पोचला.

२. प्रोग्रेसिव्ह रॉक हा काय प्रकार आहे? रॉक आणि त्यात फरक काय?

साध्या रॉक गाण्याला तीन-चार मिनिटं, एक धून आणि एक ठेका पुरतो. साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही बँडना ते अपुरं वाटू लागलं. पाश्चात्त्य अभिजात संगीतातली मोठी रचना, जॅझमधली मोकळीक, लोकसंगीतातले सूर, बदलत जाणाऱ्या मात्रा हे सगळं त्यांनी विजेच्या गिटारींवर आणि नव्याने आलेल्या सिंथेसायझरवर आणलं. गाणी दहा-वीस मिनिटांची झाली. येस, किंग क्रिम्झन, जेनेसिस, इमर्सन लेक अँड पामर ही त्यातली ठळक नावं. हा अल्बम समजायला एवढी ओळख पुरे.

३. यात कोण कोण वाजवतं?

गायक जॉन अँडरसन. त्यांचा आवाज इतका वरच्या पट्टीत सहज फिरतो की पहिल्यांदा ऐकणारे बरेच जण गाणारी बाई आहे असं समजतात. बेस गिटार आणि साथीचा आवाज ख्रिस स्क्वायर यांचा. गिटारवर स्टीव्ह हाऊ, तेही साथीला गातात. कीबोर्डवर रिक वेकमन. ड्रम्सवर बहुतेक ठिकाणी ॲलन व्हाइट आणि दोन ठिकाणी बिल ब्रूफर्ड. त्याची गोष्ट प्रश्न ७ मध्ये.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. यातली चार गाणी ‘द येस अल्बम’ या १९७१ च्या अल्बममधली आहेत आणि तिथे कीबोर्डवर टोनी केय होते. वेकमन नंतर आले. म्हणजे त्या चार गाण्यांत वेकमन दुसऱ्याने बसवलेली जागा स्वतःच्या हाताने पुन्हा भरतात. केय यांचा भर हॅमंड ऑर्गनवर असे. वेकमन यांनी त्यात मिनीमूग सिंथेसायझर आणि मेलोट्रॉन (प्रश्न ११) आणला. ही गाणी मूळ अल्बममध्ये ऐकून लगेच इथे ऐकली, तर रंग किती बदलला ते कळतं.

४. कोणती गाणी आहेत आणि ती मूळ कुठली?

‘द येस अल्बम’मधून ‘पर्पेच्युअल चेंज’, ‘आय’व्ह सीन ऑल गुड पीपल’, ‘युअर्स इज नो डिसग्रेस’ आणि ‘स्टारशिप ट्रूपर’. ‘फ्रॅजाइल’मधून ‘हार्ट ऑफ द सनराइज’, ‘राउंडअबाउट’, हाऊ यांचं एकट्याचं ‘मूड फॉर अ डे’ आणि ‘लाँग डिस्टन्स रनअराउंड’ला जोडून येणारं ‘द फिश’. सप्टेंबर १९७२ मध्ये आलेला ‘क्लोज टू द एज’ हा अल्बम तीनच रचनांचा आहे आणि त्या तिन्ही इथे आहेत: ‘सायबेरियन खात्रू’, ‘अँड यू अँड आय’ आणि शीर्षकरचना. यांशिवाय वेकमन यांची एकल जागा (प्रश्न ११) आणि सुरुवातीचा वाद्यवृंद (प्रश्न ६). बँडच्या पहिल्या दोन अल्बममधलं एकही गाणं यात नाही.

५. ही एकाच रात्रीची मैफल आहे का?

नाही. १९७२ मधल्या निरनिराळ्या कार्यक्रमांतून निवडून, जोडून हा क्रम लावला आहे. त्यात लंडनच्या रेनबो थिएटरमधलं डिसेंबरचं वादनही आहे. ब्रूफर्ड असलेली दोन गाणी वर्षाच्या सुरुवातीच्या दौऱ्यातली आहेत. म्हणून ‘हार्ट ऑफ द सनराइज’ संपून ‘पर्पेच्युअल चेंज’ सुरू होतं तेव्हा एलपीची बाजू उलटते, ड्रमर बदलतो आणि आपण कित्येक महिने मागे जातो. टाळ्यांच्या कडकडाटात हा सांधा चटकन लक्षात येत नाही.

तरी क्रम मात्र मैफलीसारखाच ठेवलेला आहे. सुरुवातीला वाद्यवृंद, मग जोरकस गाणं, मध्ये एकल जागा, शेवटाकडे लांब रचना. म्हणून गाणी उलटसुलट लावून ऐकू नयेत असं माझं आग्रहाचं मत आहे, निदान पहिल्या वेळी तरी.

६. सुरुवातीला ऑर्केस्ट्रा वाजतो तो कुणाचा? बँडनेच वाजवलाय का?

तो इगॉर स्त्राविन्स्की यांच्या ‘द फायरबर्ड’चा शेवटचा भाग आहे. मूळ बॅले १९१० मध्ये पॅरिसला पहिल्यांदा रंगमंचावर आला आणि त्यातून पुढे मैफलीत वाजवण्यासाठी सूट, म्हणजे निवडक भागांचे संच, तयार झाले. येसच्या मंचावर ही ध्वनिफीत लावली जाई. सभागृहातले दिवे मालवलेले, आणि आपल्याकडे नाटकाआधी नांदी होते तशी ही येसची नांदी. ती चालू असतानाच बँड मंचावर येऊन आपापल्या जागी उभा राही.

निवडही विचारपूर्वक केलेली आहे. हा भाग एकट्या हॉर्नच्या शांत सुरावटीने सुरू होतो. तीच सुरावट एकेक वाद्यसमूह उचलत जातो, आवाज चढत जातो आणि शेवटी ती तीन मात्रांचा डौल सोडून सात मात्रांत ठोसे देत येते. विषम मात्रांवर जीव असलेल्या बँडने याहून चांगलं दार कुठलं निवडलं असतं? शेवटच्या लांबलेल्या स्वरांत वेकमन यांचा मेलोट्रॉन मिसळतो. फीत कुठे संपली आणि मंच कुठे सुरू झाला हे कळायच्या आत हाऊ यांची गिटार ‘सायबेरियन खात्रू’ची ती धावती सुरावट छेडते. नेहमीचे ऐकणारेही इथे सावरून बसतात.

७. एकाच अल्बममध्ये दोन ड्रमर कशासाठी?

कारण वर्षाच्या मध्यात ड्रमर बदलला. ‘क्लोज टू द एज’चं स्टुडिओतलं काम फार रेंगाळत, तुकड्यातुकड्याने झालं. ते संपताच बिल ब्रूफर्ड यांनी येस सोडलं आणि ते किंग क्रिम्झनमध्ये गेले. इकडे नव्या अल्बमचा अमेरिकेतला दौरा ठरलेला होता. ॲलन व्हाइट यांना बोलावलं गेलं तेव्हा पहिल्या कार्यक्रमाला जेमतेम तीन दिवस उरले होते. ३० जुलै १९७२ रोजी डॅलसमध्ये ते ही सगळी गाणी घेऊन मंचावर बसले.

व्हाइट नवखे नव्हते. जॉन लेनन यांच्याबरोबर ते १९६९ च्या टोरंटोच्या कार्यक्रमात होते, ‘इमॅजिन’ अल्बमवर त्यांचे ड्रम्स आहेत, जॉर्ज हॅरिसन यांच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’वरही. पण ती सगळी सरळ चालीची गाणी. येसची रचना म्हणजे दर काही ओळींनी मात्रा बदलणार, मध्येच थांबणार, पुन्हा भलत्याच जागेवरून उचलणार. ते तीन दिवसांत डोक्यात बसवून हजारो लोकांपुढे वाजवायचं होतं. या अल्बमवरचं ‘क्लोज टू द एज’ त्यानंतर काही महिन्यांतलं आहे. व्हाइट यांना फक्त रॉकचा दणकट ड्रमर म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हे एकदा तरी ध्यानात घेऊन ऐकावं.

ब्रूफर्ड ‘पर्पेच्युअल चेंज’ आणि ‘लाँग डिस्टन्स रनअराउंड / द फिश’ या दोन ठिकाणी आहेत. बाकी सगळीकडे व्हाइट.

८. दोघांतला फरक कानाला कसा ओळखू येईल?

स्नेअर, म्हणजे ड्रमच्या संचातला कडक वाजणारा छोटा ड्रम, ऐका. ब्रूफर्ड यांचा स्नेअर कोरडा, घट्ट आणि टणटणीत वाजतो. तो गर्दीतूनही वर येतो. शिवाय ते अपेक्षित जागेवर ठोका देतीलच असं नसतं. ठोका किंचित आधी किंवा नंतर पडतो आणि त्या चुकवण्यातच गाण्याला धार येते. हा जॅझचा संस्कार. व्हाइट यांचा ठोका जाड आणि खोल आहे, पायाचा ड्रम आणि झांजा जास्त भरलेल्या. ते लय पुढे ढकलतात.

सोपा प्रयोग सांगतो. ‘पर्पेच्युअल चेंज’ची शेवटची चार-पाच मिनिटं ऐका, त्यात ब्रूफर्ड यांचं ड्रम्सचं एकल वादन आहे. लगेच ‘युअर्स इज नो डिसग्रेस’ची सुरुवात लावा. दोन्ही गाणी एकाच मूळ अल्बममधली आणि तिथे दोन्हीवर ब्रूफर्डच होते, त्यामुळे तुलना रास्त होते. कोण श्रेष्ठ या वादात मला रस नाही. एका वर्षात बँडचा कणा बदलताना ऐकायला मिळतो, हे या अल्बमचं मोठं देणं आहे.

९. स्टुडिओ अल्बम घरी आहेत. मग तीच गाणी पुन्हा कशाला ऐकायची?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून उत्तर थोडं सविस्तर देतो.

आधी वेळा पाहा. ‘क्लोज टू द एज’ स्टुडिओत १८ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास आहे, इथे १८ मिनिटं ४१ सेकंद. ‘स्टारशिप ट्रूपर’ दोन्हीकडे साडेनऊ मिनिटांच्या आत-बाहेर. म्हणजे ही रचना लिहून पक्की झालेली आहे, मंचावरही तिचा सांगाडा हलत नाही. आता दुसरी बाजू. ‘युअर्स इज नो डिसग्रेस’ स्टुडिओत पावणेदहा मिनिटांचं, इथे सव्वाचौदा. ‘पर्पेच्युअल चेंज’ नऊ मिनिटांवरून चौदावर. ‘लाँग डिस्टन्स रनअराउंड’ आणि ‘द फिश’ मिळून सहा मिनिटांची जोडी, इथे पावणेचौदा. येसबद्दल लोक म्हणतात की हे सगळं आधी ठरवलेलं, त्यात मोकळं काही नाही. त्याला या वेळाच उत्तर देतात. एकाच संचात त्यांनी काही रचना जशाच्या तशा राखल्या आणि काहींची दारं सताड उघडली.

‘युअर्स इज नो डिसग्रेस’च्या मध्यावर काय होतं ते नीट ऐका. बाकी वाद्यं हळूहळू मागे सरतात आणि हाऊ एकटे पुढे येतात. आधी रॉकची खरखरीत गिटार, मग जॅझच्या अंगाने जाणाऱ्या स्वच्छ लकेरी, मग मध्येच गावाकडच्या अमेरिकन गिटारीची टिचकी. स्क्वायर यांचा बेस खालून बोलत राहतो, स्वस्थ बसून ठेका धरत नाही. आणि मग मूळ सुरावट परत येते तेव्हा ती अगदी जागेवर पडते.

पक्क्या ठेवलेल्या रचनांतही फरक आहेतच. ‘अँड यू अँड आय’ स्टुडिओत बारा तारांच्या गिटारीच्या हळुवार झंकाराने उमलतं. इथे ते थेट भव्य सुरावटीनेच सुरू होतं, मेलोट्रॉनचा पडदा आणि त्यावर हाऊ यांची पेडल स्टील गिटार. मोठ्या सभागृहात नाजूक सुरुवात हरवली असती. ‘स्टारशिप ट्रूपर’चा शेवटचा भाग, ‘वुर्म’, तीनच कॉर्ड्सचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळण्यांचा) आहे आणि त्या गोल फिरत राहतात. स्टुडिओत तो हाऊ यांच्या गिटारीचा. इथे वेकमन यांचा मिनीमूग त्यात शिरतो आणि अल्बम त्याच चढत्या आवर्तनांवर संपतो. माझ्या मते सत्तरच्या दशकातल्या लाइव्ह रॉकमध्ये इतकी समाधान देणारी अखेर क्वचितच मिळेल.

१०. ‘द फिश’ एवढं लांब का? आणि ते काय शब्द म्हणतात?

‘फिश’ हे ख्रिस स्क्वायर यांचं मित्रांनी पाडलेलं नाव, कारण ते आंघोळीला गेले की बाहेर येत नसत. ‘फ्रॅजाइल’मध्ये प्रत्येक वादकाला एकेक स्वतःची जागा होती आणि ही त्यांची. स्टुडिओत त्यांनी बेसचे अनेक थर एकावर एक मुद्रित करून सात मात्रांच्या चक्रावर ती बांधली. मंचावर माणूस एक आणि बेस एक, त्यामुळे थर शक्य नव्हते. म्हणून रचनेचं रूपच बदललं: चक्र कायम ठेवून त्यावर स्क्वायर मोकळे सुटतात आणि ब्रूफर्ड त्यांना सवाल-जवाब देत जातात.

त्यांचा रिकनबॅकर बेस इतर बँडच्या बेससारखा घुमत नाही, तारेचा कडक नाद देतो. बेसच्या दोन पिकअपचा (तारांचा कंप टिपणाऱ्या भागांचा) आवाज ते वेगवेगळ्या ॲम्प्लिफायरकडे नेत, खालचा भरदार आणि वरचा करकरीत. त्यामुळे एकाच वेळी पाया आणि धून दोन्ही ऐकू येतात. बेस गिटार शिकणाऱ्यांनी ही रचना असलेली चौथी बाजू झिजेपर्यंत ऐकावी.

शब्द म्हणाल तर ‘शिंडलेरिया प्रीमॅट्युरस’, एका अगदी इवल्याशा माशाचं शास्त्रीय नाव. बँडचे प्रकाशयोजनाकार मायकेल टेट यांनी ते शोधून दिलं. गायला आठ अक्षरांचं माशाचं नाव हवं होतं, ते यात बसलं.

११. वेकमन यांच्या एकल भागाचं नाव इतकं विचित्र का आहे?

‘द सिक्स वाइव्ह्ज ऑफ हेन्री द एट्थ’ हा त्यांचा स्वतःचा अल्बम, इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाच्या सहा राण्यांवरचा. तो जानेवारी १९७३ मध्ये आला. म्हणजे १९७२ च्या अखेरीस मंचावर त्यातले तुकडे वाजत होते, तेव्हा श्रोत्यांना ते दुकानात मिळत नव्हते. मेलोट्रॉनची गंमतही इथे कळते. त्या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली खऱ्या वाद्यांचा किंवा गायकवृंदाचा आवाज भरलेली एक फीत असते. पट्टी दाबली की फीत धावते आणि आठेक सेकंदांत संपते. मग बोट उचलून पुन्हा दाबावं लागतं. दौऱ्यात, थंडी-उष्म्यात, असलं वाद्य सुरात ठेवणं हेच मोठं काम होतं.

१२. पहिल्यांदाच ऐकतोय. कुठून सुरुवात करू? १३० मिनिटं एका बैठकीत जमणार नाहीत.

जमवायची गरजही नाही. एका संध्याकाळी एक तबकडी, अशा तीन संध्याकाळी ठेवा. पहिली बाजू सुरुवातीपासूनच लावा, वाद्यवृंद ओलांडून पुढे जाऊ नका.

अगदीच नवे असाल आणि लांब रचनांची सवय नसेल, तर आधी ‘आय’व्ह सीन ऑल गुड पीपल’ आणि ‘राउंडअबाउट’ ऐका. दोन्हींत गुणगुणण्याजोग्या धुना आहेत. ‘क्लोज टू द एज’ शेवटी ठेवा, पण ऐकाल तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून पूर्ण ऐका. ते चार भागांचं आहे. तिसऱ्या भागात सगळा गोंगाट विरतो आणि नुसते आवाज आणि ऑर्गन उरतात. स्टुडिओत त्या जागी लंडनमधल्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चचा खरा पाइप ऑर्गन आहे, जो दौऱ्यावर नेणं अर्थातच शक्य नव्हतं. तरी इथेही ती जागा अंगावर येते, कारण पुढे बसलेले हजारो लोक तेव्हा गप्प झालेले ऐकू येतात.

१३. आवाज गढूळ वाटतो. माझा प्लेअर बिघडलाय का?

प्लेअर ठीक आहे. हा अल्बम असाच वाजतो. ड्रम्स थोडे मागे, मधला पट्टा दाटलेला, वरचे सूर बोथट. त्या काळी घुमणाऱ्या मोठ्या सभागृहांत ध्वनिमुद्रण करताना मंचावरच्या एकेका माइकमध्ये इतर सगळी वाद्यं शिरत. शिवाय येसच्या संगीतात एका वेळी पाच जण पाच वेगळ्या गोष्टी वाजवत असतात, त्यामुळे गिचमिड लवकर होते.

एलपीवर ऐकत असाल तर आणखी एक कारण आहे. पहिली आणि दुसरी बाजू प्रत्येकी चोवीस मिनिटांची आहे. बाजू जितकी लांब तितक्या खाचा जवळ जवळ कापाव्या लागतात, म्हणून आवाजाची पातळी आणि खालचे सूर कमी करावे लागतात. अठरा मिनिटांची तिसरी आणि पाचवी बाजू तुलनेने मोकळी वाजते ती यामुळेही.

हेडफोनपेक्षा खोलीत स्पीकरवर, जरा मोठ्या आवाजात ऐका. गढूळपणा पूर्ण जाणार नाही, पण पाचही जण एका मंचावर असल्याचा भास स्पीकरवर जास्त होतो. आवाजच हवा असेल तर प्रश्न १७ पाहा.

१४. जुना एलपी विकत घेताना काय पाहावं?

तिन्ही तबकड्या आहेत ना, हे आधी. एक हरवलेला संच नेहमी दिसतो. सहा बाजूंचे क्रमांक लेबलवर तपासा. घडीचं आवरण शिवणीवर फाटलेलं असतं, तीन तबकड्यांचं वजन पेलताना ते तिथेच पहिलं जातं. आत छायाचित्रांची पुस्तिका होती, ती असेल तर किंमत वाढते. तबकडी तिरपी धरून उजेडात पाहा. विशेषतः ‘क्लोज टू द एज’ असलेली पाचवी बाजू, कारण लोकांनी सर्वांत जास्त वाजवलेली तीच असते.

सीडीवर हाच मजकूर दोन तबकड्यांत येतो आणि काही कापलेलं नाही. स्ट्रीमिंगवर ऐकताना मात्र दोन ट्रॅकमधली खंड न पडू देणारी सोय चालू ठेवा. नाहीतर ‘फायरबर्ड’ आणि ‘सायबेरियन खात्रू’ यांच्या सांध्यावर क्षणभर शांतता येते आणि सगळी सुरुवात वाया जाते.

१५. मुखपृष्ठावरची तरंगती बेटं कुणी काढली? त्यात काही गोष्ट आहे का?

रॉजर डीन यांनी. येससाठी त्यांचं पहिलं मुखपृष्ठ ‘फ्रॅजाइल’चं, तिथे एक छोटासा ग्रह आहे आणि मागच्या बाजूला तो फुटतो आहे. ‘येससाँग्ज’च्या उलगडत जाणाऱ्या आवरणावर ती गोष्ट पुढे चालते: फुटलेल्या ग्रहाचे तुकडे अवकाशात वाहत जातात, नव्या जगात उतरतात, तिथे जीवन रुजतं आणि शेवटी वस्ती दिसते. चार चित्रांची नावं अनुक्रमे पलायन, आगमन, जागृती आणि वाटा अशा अर्थाची आहेत. हा आनंद फोनच्या पडद्यावर मिळत नाही. आवरण मांडीवर उघडून बसावं लागतं.

‘अवतार’ चित्रपटातल्या तरंगत्या डोंगरांवरून काही जण विचारतात. डीन यांनी आपल्या चित्रांची नक्कल झाल्याचा दावा न्यूयॉर्कमध्ये दाखल केला होता, २०१४ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला.

१६. याच नावाचा चित्रपट आहे. तो म्हणजे याच अल्बमचं चित्रण का?

नाव एक, वस्तू दोन. चित्रपट पीटर नील यांनी दिग्दर्शित केला. त्याचं चित्रण १५ आणि १६ डिसेंबर १९७२ ला रेनबो थिएटरमध्ये झालं आणि तो १९७५ मध्ये पडद्यावर आला. लांबी सव्वा तासाच्या आसपास, म्हणजे अल्बमच्या निम्म्याहून थोडी जास्त. तिथे ड्रम्सवर फक्त व्हाइट आहेत, त्यामुळे ब्रूफर्ड यांची दोन्ही गाणी नाहीत. हाऊ यांची एकल रचनाही वेगळी आहे, ‘मूड फॉर अ डे’ऐवजी ‘क्लॅप’. वेकमन यांचा चमचमता झगा आणि भोवती रचलेले कीबोर्ड पाहायचे असतील तर चित्रपट पाहावा, संगीतासाठी अल्बम.

१७. ‘येसशोज’ आणि ‘प्रोजेनी’ हे याचेच भाग आहेत का?

‘येसशोज’ नाही. तो १९८० मध्ये आलेला वेगळा दुहेरी अल्बम, १९७६ ते १९७८ मधल्या मैफलींचा. ‘येससाँग्ज’मधलं एकही गाणं त्यात नाही, आणि काही ठिकाणी कीबोर्डवर पॅट्रिक मोराझ आहेत.

‘प्रोजेनी’ मात्र जवळचा नातेवाईक. २०१५ मध्ये आलेल्या या चौदा सीडींच्या संचात ३१ ऑक्टोबर ते २० नोव्हेंबर १९७२ या काळातले सात पूर्ण कार्यक्रम आहेत, टोरंटोपासून न्यूयॉर्कजवळच्या युनियनडेलपर्यंत. ध्वनिफिती नव्याने साफ करून, मिसळून घेतल्यामुळे आवाज स्पष्ट आहे. ड्रम्स पुढे आले आहेत आणि व्हाइट काय करत होते ते आता नीट कळतं. सातही रात्री गाणी जवळजवळ तीच, म्हणून चौदा सीडी सगळ्यांसाठी नाहीत. निवडक भागांचा दोन सीडींचा संच वेगळा मिळतो, तो बहुतेकांना पुरेल. निवड, क्रम आणि ब्रूफर्ड यासाठी मात्र ‘येससाँग्ज’कडेच यावं लागतं. माझ्याकडून सल्ला हवा असेल तर आधी ‘येससाँग्ज’, मग ‘प्रोजेनी’.

१८. गाण्यांचा अर्थ लागत नाही. आणि यात काही भारतीय धागा आहे म्हणतात, तो खरा का?

अँडरसन शब्द बरेचदा नादासाठी निवडतात, त्यामुळे ओळीमागून ओळ अर्थ लावत बसलात तर थकाल. ‘क्लोज टू द एज’ त्याला थोडा अपवाद. त्यामागे हर्मन हेसे यांची ‘सिद्धार्थ’ ही कादंबरी आहे. प्राचीन भारतात घडणारी, नदीकाठी शहाणपण गवसलेल्या माणसाची. नदी, ऋतू, वर जाणं आणि खाली येणं या प्रतिमा त्या वाचनातून आल्या आहेत हे कळलं की जवळजवळ एकोणीस मिनिटांचा प्रवास बराच सुसंगत वाटतो.

‘आय’व्ह सीन ऑल गुड पीपल’चा पहिला भाग बुद्धिबळाच्या भाषेत बोलतो आणि त्यात ‘इन्स्टंट कर्मा’ हे शब्द येतात. तो लेनन यांच्या १९७० च्या गाण्याला दिलेला नमस्कार. त्या गाण्यावर ड्रम्स वाजवले होते ॲलन व्हाइट यांनी, म्हणजे इथे ते स्वतःच वाजवलेल्या गाण्याच्या उल्लेखाला ताल देत आहेत.

सर्वांत थेट धागा मात्र पुढच्या अल्बममध्ये आहे. १९७३ च्या मार्चमध्ये, याच मैफलींच्या दौऱ्यात टोकियोत असताना, अँडरसन परमहंस योगानंद यांचं आत्मचरित्र वाचत होते. त्यातल्या शास्त्रांवरच्या एका तळटीपेवरून ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ हा चार बाजूंचा अल्बम उभा राहिला: श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र, प्रत्येकाला एक बाजू. तो डिसेंबर १९७३ मध्ये आला. त्यात शास्त्रार्थ शोधू नये, पण स्फूर्ती तिथलीच.

१९. ब्रूफर्ड आणि व्हाइट कधी एकत्र वाजले का?

या अल्बमवर नाही. इथे ते नेहमी वेगवेगळ्या गाण्यांत आहेत. एकत्र यायला १९९१ उजाडावं लागलं, ‘युनियन’ दौऱ्यात. तेव्हा येसचे आठ जण एका मंचावर होते: अँडरसन, स्क्वायर, हाऊ, वेकमन, व्हाइट, ब्रूफर्ड, शिवाय टोनी केय आणि ट्रेव्हर रेबिन. व्हाइट मुख्य ड्रम्सवर आणि ब्रूफर्ड बहुतेक वेळ इलेक्ट्रॉनिक ड्रम्सवर. त्या दौऱ्याचं ध्वनिमुद्रण ‘युनियन लाइव्ह’ या नावाने मिळतं. त्यातल्या जुन्या गाण्यांपासून ऐकायला सुरुवात करा.